तिबेटी निर्वासित व शांतता-चळवळ

एकमेकांशी वैरभावाने वागणाऱ्या शेजारी राष्ट्रांत सलोखा व्हावा, म्हणून स्वदेशाबाहेर राहणाऱ्या समाजाने संघटितपणे चालविलेल्या प्रयत्नांचे एक ठळक उदाहरण. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी लोकांनी आपल्या मातृभूमीचा प्रश्न अहिंसेच्या मार्गाने सोडवावा आणि तो सोडविताना भारत व चीन यांच्या सीमेवरील लष्करी ताणही कमी व्हावा, अशी दुहेरी भूमिका घेतली. या समाजाच्या भारतातील शेतकी वसाहतींपैकी एक, नोर्ग्येलिंग ही वसाहत, महाराष्ट्राच्या पूर्व टोकास पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात १९७२ मध्ये स्थापन झाली.

देशांतर केलेला समाज शांततेचा पुरस्कार करतोच, असे नाही. पुष्कळदा उलटेच घडते. मायदेशातील कलहाची झळ प्रत्यक्ष पोहोचत नसल्यामुळे दूर राहणाऱ्यांच्या मनात जुने वैर अधिक कडवटपणे टिकून राहते आणि त्यांच्या पैशावर मायदेशातील सशस्त्र संघर्ष पोसले जातात. आयर्लंड व श्रीलंका येथील संघर्षांत याचा अनुभव आला. याउलट काही समाज दोन्ही बाजूंची भाषा व रीतिरिवाज जाणत असल्याने मध्यस्थीस उपयोगी पडतात. तिबेटी निर्वासितांचे स्थान या दोहोंहून वेगळे आहे. ते ज्या देशात राहतात तो भारत आणि ज्याच्या ताब्यात त्यांची मातृभूमी आहे तो चीन, हीच ती दोन शेजारी राष्ट्रे. आणि त्यांच्यातील सीमावादाचे मूळ बऱ्याच अंशी तिबेटच्या दर्जाविषयीच्या मतभेदांत आहे. म्हणजे हा समाज तिऱ्हाईत नव्हे. तो कलहाचा एक विषयच आहे.

पार्श्वभूमी : सिमला येथील परिषदेच्या काळात (१९१३-१४) ब्रिटिश हिंदुस्थान व तिबेट यांच्या प्रतिनिधींनी मार्च १९१४ मध्ये पूर्वेकडील सीमा ठरविली. तीच मॅकमहोन रेषा. चीनने परिषदेतील करारावर अंतिम स्वाक्षरी केली नाही. पुढे भारताने या रेषेचा आधार घेतला, तर तिबेटला स्वतंत्रपणे करार करण्याचा अधिकारच नव्हता, असे चीन म्हणत आला. येथे भारताची एक अडचण दिसते. तिबेट चीनचा भाग असल्याचे मान्य करावयाचे आणि त्याच तिबेटने केलेल्या कराराचा हवाला द्यावयाचा, ही कसरत भारतीय मुत्सद्द्यांना सतत करावी लागली आहे.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. २३ मे १९५१ रोजी पेकिंग येथे सतरा कलमी करार झाला. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांनी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराविषयी करार केला. त्याच्या प्रास्ताविकात पंचशीलाची पाच तत्त्वे प्रथम नमूद झाली आणि भारताने तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा केला. त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना या करारावर टीका केली. ल्हासावर चीनचा ताबा मान्य केल्याने चिनी सैन्य भारताच्या सीमेलगत येऊन ठेपले, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. काही महिन्यांपूर्वीच, मे १९५४ मध्ये, त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती व तीत त्यांचा पराभव झाला होता. ज्या जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठविले नाही, त्याच जिल्ह्यात अठरा वर्षांनी तिबेटी बौद्धांची वसाहत उभी राहिली, हा योगायोग लक्षणीय आहे.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासा येथे उठाव झाला. चौदावे → दलाई लामा १७ मार्चच्या रात्री तेथून निघाले व ३१ मार्चला भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्यामागोमाग सु. ८०,००० लोक भारत, नेपाळ व भूतान येथे आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९५९, १९६१ व १९६५ या वर्षी तिबेटविषयक ठराव संमत केले. त्यांचा प्रत्यक्ष परिणाम झाला नाही. भारतात जयप्रकाश नारायण यांनी मे १९५९ मध्ये कलकत्ता येथे भरलेल्या अखिल भारतीय तिबेट परिषदेचे नेतृत्व केले.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले. त्यानंतर काही महिन्यांतच एका महाराष्ट्रीय नेत्याने या दोन देशांत सलोखा साधण्यासाठी केलेल्या पदयात्रेचा उल्लेख येथे केला पाहिजे. सर्वोदयी कार्यकर्ते शंकरराव देव (१८९५–१९७४) यांच्या नेतृत्वाखाली १ मार्च १९६३ रोजी दिल्ली-पेकिंग मैत्री-यात्रा दिल्लीहून निघाली. तीत परदेशी शांततावादीही सहभागी झाले होते. युद्धाच्या जखमा ताज्या असल्याने भारतात तिच्यावर टीका झाली. चीनने प्रवेश नाकारला आणि यात्रा भारताच्या हद्दीतच संपली. पेकिंगला एकही यात्रेकरू पोहोचला नाही. तरी सामान्य नागरिकांनी परराष्ट्रनीतीच्या प्रांतात पाय टाकण्याचा तो एक धीट प्रयत्न होता.

भंडारा येथील वसाहत : निर्वासितांपैकी अनेकांना आरंभी हिमालयाच्या पायथ्याशी रस्तेबांधणीची कामे देण्यात आली. पुढे त्यांना एकत्र राहून शेती करता यावी, म्हणून केंद्र सरकारने राज्यांकडे जमिनीची मागणी केली. कर्नाटकातील बैलकुप्पे, ओरिसातील चंद्रगिरी व तत्कालीन मध्य प्रदेशातील (आता छत्तीसगढ) मैनपाट या वसाहती १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तर कर्नाटकातील मुंदगोड १९६६ मध्ये वसली. महाराष्ट्रात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरातील जंगलजमीन यासाठी निवडण्यात आली. नोर्ग्येलिंग या नावाचा अर्थ ‘संपदा वाढीस लागते ते स्थान’ असा सांगता येईल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तालुका गोंदिया जिल्ह्यात गेला; तथापि तिबेटी प्रशासनाच्या कागदोपत्री व लोकांच्या बोलण्यात वसाहतीचे नाव भंडारा असेच राहिले आहे.

प्रदेशाची निवड हवामानाच्या दृष्टीने कठीण होती. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ४,००० मी.हून अधिक, तर गोठणगावचा परिसर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरांच्या आतबाहेर. येथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत चढते; पावसाळा दमट व मलेरियाचा. जव, याक व कोरडी थंडी यांना सरावलेल्या माणसांना धानाच्या बांध्या, चिखलणी आणि रोवणी शिकावी लागली. जवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण १९७० मध्ये पूर्ण झाले होते. नवेगावचे अरण्यही दूर नाही. ते १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. प्रतापगडाच्या डोंगरावर महाशिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते व तेथेच मुस्लिम दर्गाही आहे. आसपास गोंड, हलबी व इतर शेतकरी जातींची गावे आहेत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीही याच तालुक्यात आहेत. एकाच तालुक्यात दोन वेगवेगळ्या सीमांवरून आलेले निर्वासित धान पिकवितात, असे दृश्य महाराष्ट्रात अन्यत्र सहसा आढळत नाही.

केवळ कोरडवाहू व धानशेतीवर कुटुंबांचा निर्वाह होत नाही. त्यामुळे इतर तिबेटी वसाहतींप्रमाणे येथील लोकही दिवाळीनंतर थंडीचे दोन-तीन महिने शहरोशहरी जाऊन स्वेटर, शाली व लोकरी कपडे विकतात. हा माल बहुधा लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. नागपूर व इतर शहरांत हिवाळ्यात भरणारा ‘तिबेटी बाजार’ महाराष्ट्रातील बहुतेकांना या समाजाचे पहिले व पुष्कळदा एकमेव दर्शन घडवितो. व्यापाराचा हा हंगाम चळवळीसही उपकारक ठरला. गिऱ्हाइकांशी होणाऱ्या बोलण्यात आपण कोण, कोठून आलो व का आलो, हे सांगण्याची संधी मिळते.

वसाहतीचा कारभार धरमशाला येथील केंद्रीय तिबेटी प्रशासनाने नेमलेला वसाहत-अधिकारी पाहतो. १९६० मध्ये निर्वासितांनी आपल्या प्रतिनिधिमंडळाची पहिली निवडणूक घेतली. तेव्हापासून वसाहतीतील प्रौढ माणसे मतदान करतात. १९७२ मध्ये, म्हणजे नोर्ग्येलिंग वसली त्याच वर्षी, प्रत्येक तिबेटी व्यक्तीस हिरव्या रंगाची पुस्तिका देण्याची पद्धत सुरू झाली. तीत ऐच्छिक वार्षिक वर्गणीची नोंद होते. रक्कम किरकोळ असली, तरी चळवळीचा पाया याच वर्गणीवर उभा आहे. दर वर्षी १० मार्च (उठावाचा स्मृतिदिन), ६ जुलै (दलाई लामांचा जन्मदिन) व १० डिसेंबर (शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा व मानवी हक्कांचा दिन) हे दिवस वसाहतींतून सार्वजनिक रीत्या पाळले जातात.

शांतता-क्षेत्राची कल्पना : चळवळीचा आरंभ अहिंसेने झाला, असे म्हणता येत नाही. पूर्व तिबेटातील खाम्पा लोकांच्या ‘चुशी गांगड्रुक’ या संघटनेने सशस्त्र प्रतिकार केला व नेपाळमधील मुस्तांग येथून तो अमेरिकेच्या गुप्त साहाय्याने पुढेही चालू ठेवला. नेपाळच्या दडपणानंतर १९७४ मध्ये दलाई लामांनी ध्वनिमुद्रित संदेश पाठवून शस्त्रे खाली ठेवण्यास सांगितले. तो संदेश ऐकून शस्त्रे टाकणाऱ्यांपैकी काहींनी आत्महत्या केल्या. शांततेचा मार्ग या समाजाने स्वीकारला तो अशी किंमत देऊन. तो त्याच्या धर्माचा सहजपरिणाम होता, हे समीकरण अपुरे आहे.

यानंतर स्वातंत्र्याऐवजी चीनच्या अंतर्गत खऱ्या स्वायत्ततेची मागणी करावी, हा विचार दलाई लामांच्या निकटच्या वर्तुळात दृढ होत गेला. यासच पुढे ‘मध्यम मार्ग’ म्हणू लागले. १९८६-८७ मध्ये अरुणाचल प्रदेशातील सुमदोरोंग चू खोऱ्यात भारतीय व चिनी सैन्य समोरासमोर आले आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी अरुणाचल प्रदेशास राज्याचा दर्जा मिळाल्याने चीनने निषेध नोंदविला. अशा वेळी, २१ सप्टेंबर १९८७ रोजी, दलाई लामांनी वॉशिंग्टन येथे पाच कलमी शांतता-योजना मांडली. तीतील पहिले कलम भारत-चीन संबंधांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे : खाम व आम्दो हे पूर्वेकडील प्रांत धरून संपूर्ण तिबेट हे ‘अहिंसेचे क्षेत्र’ व्हावे, तेथील चिनी सैन्य व लष्करी तळ काढून घेतले जावेत व त्यामुळे भारतालाही हिमालयातील आपले सैन्य मागे घेता यावे. उरलेली कलमे चिनी लोकसंख्येचे तिबेटातील स्थलांतर थांबविणे, मानवी हक्क, पर्यावरणरक्षण व अण्वस्त्रविषयक बंदी आणि भवितव्याविषयी वाटाघाटी यांसंबंधी होती. नेपाळचे राजे बीरेंद्र यांनी १९७५ मध्ये आपला देश शांतता-क्षेत्र म्हणून घोषित व्हावा, असा प्रस्ताव मांडला होता. त्याचा आधार या योजनेत घेतलेला आहे. १५ जून १९८८ रोजी स्ट्रासबर्ग येथे युरोपीय संसदेच्या सदस्यांपुढे स्वायत्ततेची कल्पना अधिक स्पष्ट करण्यात आली. १९८९ मध्ये दलाई लामांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा स्वीकारोत्तर व्याख्यानात त्यांनी अहिंसा-क्षेत्राचा विस्ताराने पुरस्कार केला.

योजनेमागील तर्क साधा आहे. शतकानुशतके भारत व चीन यांच्या सैन्यांची गाठ पडली नाही, कारण मध्ये तिबेटचे विरळ वस्तीचे, शस्त्रबळ नसलेले पठार होते. ते पठार लष्करी छावणी झाल्यापासूनच दोन्ही देश हिमालयात प्रचंड खर्च करू लागले. सिंधू, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्यांचे उगम तेथेच असल्याने पाण्याचा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे. जुलै २०२५ मध्ये चीनने यार्लुंग त्सांगपो (ब्रह्मपुत्रा) नदीच्या मोठ्या वळणाजवळ महाकाय जलविद्युत् प्रकल्पाचे काम सुरू केल्याने हा मुद्दा पुन्हा पुढे आला. मात्र या तर्कात एक उणीव आहे. सीमेवर सैन्य आणल्यामुळे ज्या राष्ट्राला वरचढ स्थान मिळाले, ते ते स्थान आपण होऊन का सोडील, याचे समाधानकारक उत्तर योजनेत सापडत नाही.

चीन व भारत यांची भूमिका : चीनने योजना फेटाळली आणि ती मातृभूमीच्या विभाजनाचा छुपा प्रयत्न असल्याचे म्हटले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८७ मध्ये ल्हासात निदर्शने झाली. मार्च १९८९ मध्ये तेथे लष्करी कायदा लागू करण्यात आला. २००२ ते जानेवारी २०१० या काळात दलाई लामांचे दूत व चिनी अधिकारी यांच्यात बोलण्याच्या नऊ फेऱ्या झाल्या. २००८ मध्ये निर्वासितांनी चिनी संविधानाच्या चौकटीत स्वायत्तता कशी देता येईल, याचे सविस्तर निवेदन दिले. ते मान्य झाले नाही व २०१० नंतर औपचारिक बोलणी थांबली.

भारताची भूमिका सावध राहिली. निर्वासितांना आश्रय, जमीन व शिक्षण द्यावयाचे, पण त्यांनी भारताच्या भूमीवरून चीनविरोधी राजकीय कार्य करू नये, हे धोरण नेहरूंच्या काळापासून चालत आले. ७ सप्टेंबर १९९३ रोजी प्रत्यक्ष नियंत्रणरेषेवर शांतता राखण्याचा भारत-चीन करार झाला, आणि जून २००३ मध्ये भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या प्रदेशाचा भाग असल्याचे संयुक्त घोषणापत्रात मान्य केले. दोन्ही वेळा, ज्यांच्या भूमीविषयी हे ठरले ते बोलण्यात नव्हते. मार्च २००८ मध्ये धरमशालेहून तिबेटकडे पायी निघालेल्या निर्वासितांच्या जथ्यास हिमाचल प्रदेशातच अडवून अटक करण्यात आली. शांतता-यात्रा ही यजमान देशालाच अडचणीची ठरू शकते, हे १९६३ च्या अनुभवानंतर दुसऱ्यांदा दिसून आले. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारतीय सैनिक मारले गेल्यानंतर भारतीय जनमत तिबेटच्या बाजूने झुकले. परंतु ती सहानुभूती चीनवरील रोषातून आलेली होती, शांतता-क्षेत्राच्या कल्पनेतून नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीविषयी समझोता झाल्यावर तिचा आवेगही ओसरला.

अंतर्गत मतभेद : निर्वासितांतही एकमत नाही. ऑक्टोबर १९७० मध्ये स्थापन झालेल्या तिबेटी युवक काँग्रेसचे ध्येय ‘रांगझेन’ म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य हे आहे. स्वायत्ततेची मागणी करून आपण काही न मिळविता हक्क सोडून दिला, असा तिचा आक्षेप असतो. दुसरीकडे, नोव्हेंबर १९६२ मध्ये उभारलेल्या भारताच्या विशेष सीमा दलात वसाहतींतील तरुण मोठ्या संख्येने भरती होत आले आहेत. या दलाने १९७१ मध्ये चितगाव डोंगराळ प्रदेशात लढाई केली आणि २०२० मध्ये लडाखमधील कारवाईत भाग घेतला. घरातील वृद्ध शांततेसाठी प्रार्थनाचक्र फिरवीत असताना नातू त्याच सीमेवर बंदूक घेऊन उभा आहे, अशी स्थिती अनेक कुटुंबांत आढळते. ही विसंगती आहे, की आश्रय देणाऱ्या देशाचे ऋण फेडण्याची रीत, याविषयी वसाहतींत उघड चर्चा क्वचितच होते. २००९ पासून तिबेटच्या आत दीडशेहून अधिक व्यक्तींनी केलेल्या आत्मदहनांमुळे अहिंसेच्या व्याख्येविषयीही प्रश्न उपस्थित झाले. ही कृत्ये इतरांना इजा न करणारी असली, तरी त्यांचा गौरव करावा काय, यावर मतभिन्नता राहिली.

२०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेत्याकडे सोपविले. या पदास ‘सिक्योंग’ म्हणतात. लोबसांग सांगे (२०११–२१) यांच्यानंतर पेन्पा त्सेरिंग हे त्या पदावर आले. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, दलाई लामांनी आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील व पुढील अवतार ओळखण्याचा अधिकार आपल्या न्यासाकडे राहील, असे जाहीर केले. चीनने त्यास विरोध केला.

वसाहतींची सद्यःस्थिती : निर्वासितांच्या २००९ च्या पाहणीत भारतात ९४,२०३ तिबेटी असल्याचे आढळले. तेव्हापासून युरोप, अमेरिका व कॅनडा येथे जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली आहे आणि २००८ नंतर तिबेटमधून नव्याने येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला आहे. भारतातील तिबेटी लोक कायद्याने परकीय असून त्यांना नोंदणी-प्रमाणपत्र वेळोवेळी नूतनीकृत करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले मात्र जन्मतः नागरिक ठरतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २०१७ मध्ये पारपत्र मागणाऱ्या तिबेटी व्यक्तींस वसाहतीतील वास्तव्य व तेथील सवलती सोडाव्या लागतील, अशा अटी घालण्यात आल्या. नागरिकत्व घेतले, तर मायदेशी परतण्याचा दावा दुबळा होतो. न घेतले, तर नोकरी, कर्ज व जमीन यांबाबत अडचणी कायम राहतात. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे व शासकीय कल्याणयोजनांचा लाभ यांविषयी राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे दिली.

नोर्ग्येलिंगमध्ये जन्मलेली पिढी हिंदी व मराठी सहज बोलते. तिच्यातील अनेकांनी तिबेट पाहिलेला नाही. धानाचे पीक, गुरे व हिवाळ्यातील कापडविक्री यांवर म्हाताऱ्यांचा भर आहे. तरुण बंगळुरू, दिल्ली किंवा परदेश गाठतात. विदर्भातील आंबेडकरी बौद्धांशी वसाहतीचा संबंध धार्मिक सण व व्याख्याने यांच्या निमित्ताने येतो, मात्र दोन्हींच्या उपासनापद्धती व सामाजिक अनुभव पुष्कळ भिन्न आहेत. १० मार्चच्या सकाळी वसाहतीत तिबेटचा ध्वज उभारला जातो, वडीलधारी धरमशालेहून आलेले वार्षिक निवेदन ऐकतात आणि दुपारी मंडळी कामावर परततात.